भिंतीबाहेरची पायवाट

त्या मेंढवाड्याची भिंत पुरुषभर उंच का, हे तीन पिढ्यांत कुणाला सांगता आलं नव्हतं. मेंढी म्हणजे काय जनावर, गुडघ्याएवढी काठी आडवी टाकली तरी मुकाट्यानं थांबतं. तिच्यासाठी एवढी दगडी भिंत, आणि वर माथ्यावर हातभर बाहेर आलेले चपटे दगड, हा कसला उद्योग? घरात पणजोबांचा विषय निघाला की गाडी हमखास या भिंतीवर यायची. म्हाताऱ्याचं बायकोशी पटत नसणार, म्हणून दिवसभर घराबाहेर दगड रचत बसला असणार, असं म्हणून सगळे हसायचे. थोरलीच्या, म्हणजे थोरल्या सुनेच्या, नवऱ्यानं तर कोंबड्यांचं खुराडं बांधताना उत्तरेच्या कोपऱ्यावरचे ते बाहेर आलेले दगड खुशाल काढून नेले. एवीतेवी फुकटच पडलेत, म्हणाला.

स्वयंपाकघरातही असंच एक कोडं होतं. शेगडीच्या वर भिंतीला एक लोखंडी कडं ठोकलेलं आणि त्याला चहूबाजूंनी बोटभर लांब खिळे. थोरली लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूबाईंनी त्याला डाव, पळ्या, चाळण्या अडकवलेल्या होत्या, तिनंही तेच चालू ठेवलं. पुढं धाकटी जाऊ आली, तिनं विचारलं, ताई, हे मुळात आहे काय? थोरली म्हणाली, पळ्या टांगायचं आहे, दिसत नाही का? विषय संपला.

आणि मग अकरा वर्षांपूर्वी सरकारनं डोंगरात लांडगे आणून सोडले.

शंभर वर्षांपूर्वी इथल्याच लोकांनी शेवटचा लांडगा मारला होता. त्यानंतर हरणं इतकी माजली, की डोंगरावर नवं झाड म्हणून उभं राहीना, पावसात माती सुटून ओढ्यात यायला लागली. तेव्हा मोठ्या माणसांनी ठरवलं की लांडगे परत आणायचे. मेंढ्या पाळणाऱ्यांना विचारलं का? विचारलं की. तीन सभा घेतल्या, सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि जे ठरवून आले होते तेच करून गेले. मग वनखात्याची माणसं घरोघर समजवायला फिरली. त्यातला एक म्हातारासा माणूस थोरलीच्या स्वयंपाकघरात चहा घेत होता. कप तोंडाला लावला आणि तसाच थांबला. भिंतीवरच्या कड्याकडं बोट करून म्हणाला, हा कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा आहे. लांडगा पहिला गळा धरतो, म्हणून हे खिळे. तुम्ही याला पळ्या टांगता?

 मग त्यानं मेंढवाडा बघायला मागितला. भिंतीच्या माथ्यावरच्या दगडांखालून त्यानं हात फिरवला, एकदा, दोनदा, देवळात फिरवावा तसा. म्हणाला, लांडगा उडी मारून वर येतो, पंजे रोवतो, पण बाहेर आलेला दगड त्याला ओलांडता येत नाही. ज्यानं हे बांधलं त्याला लांडगा चांगला ठाऊक होता.

 त्या दिवशी पहिल्यांदा थोरलीला वाटलं, की वीस वर्षं आपण या घरात राहतोय, पण हे घर आपल्याला कळलेलंच नव्हतं.

आता थोरलीचा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं समजायचं नाही. बाई कामाला वाघीण आणि बोलायला धारदार. नाकावर माशी बसू द्यायची नाही. तिचा नवरा मऊ, सगळ्यांशी गोड. लांडगे आले तेव्हा त्यानं राखणीच्या कुत्र्याचं एक पांढरं पिल्लू आणलं. ते मेंढ्यांच्या मधोमध बसून सगळ्यांवर अशी नजर ठेवायचं, की जणू परीक्षेच्या वर्गात गुरुजी फिरताहेत. म्हणून त्याचं नाव मास्तर. राखणीचा कुत्रा वाढवायची रीत वेगळी. त्याला घरात घ्यायचं नाही, मांडीवर घ्यायचं नाही, हातानं भरवायचं नाही. दोन महिन्यांचा झाला की मेंढ्यांत सोडायचा, त्यांच्या अंगाला अंग लावून झोपू द्यायचा, म्हणजे त्याला वाटतं हेच आपले भाऊबंद, आणि मग तो त्यांच्यासाठी जीव देतो. माणसाचा लळा लागला की संपलं. मग रात्री तो कळप सोडून दाराशी येतो. नवरा गेला त्याला चार वर्षं झाली. ही रीत थोरलीनं नवऱ्यापेक्षा कडक पाळली. मागच्या वर्षी धाकटीनं मास्तरला दुधात कुस्करलेला पाव हातानं भरवला, तर थोरलीनं अंगणात उभं राहून तिची अशी हजेरी घेतली की शेजारपाजारची माणसं दारात आली. तुला कुत्रा पाळायचाय की मेंढ्या, ते एकदा ठरव. धाकटी आठ दिवस बोलली नव्हती.

तर अशी थोरली. आणि लांडग्यांबाबतचा नियम असा होता, की राखण नीट असलेल्या कळपांवर, मग ते कुणाचेही असोत, एकाच लांडग्यानं मिळून तीनदा हल्ला केला तर त्या लांडग्याला गोळी. नीट राखण म्हणजे तीन गोष्टी. भिंत पुरेशी उंच, अंधार पडायच्या आत मेंढ्या वाड्यात, आणि रात्रभर कुत्रा कळपात. यातली एक जरी चुकली तरी हल्ला धरायचा नाही. उलट मालकालाच शिक्षा. वरचं सामाईक कुरण त्याला एक हंगाम बंद. वरचं कुरण म्हणजे उन्हाळ्यातलं सगळं हिरवं. ते बंद म्हणजे खालच्या खडकाळ पट्ट्यात एकेक काडी शोधत फिरणं.

डोंगराच्या या अंगाला एक मादी होती, वनखात्याच्या वहीत सात नंबर, लोकांच्या तोंडी सरकारी पाहुणी. तिच्या नावावर दोन हल्ले लागलेले होते. एक खालच्या गोठ्यावर, एक चराई संस्थेच्या अध्यक्षाच्या कालवडीवर. अध्यक्ष तेव्हापासून तिसऱ्याची वाट बघत होता. गेल्या थंडीत तिचा नर रस्त्यावर ट्रकखाली सापडला, तेव्हा तो म्हणाला होता, अर्धं काम झालं.

त्या वर्षी मेंढ्या विण्याच्या दिवसांतच गारठा आणि भुरभुर पाऊस एकत्र आला, आठवडाभर हटायचं नाव नाही. मास्तर आता अकरा वर्षांचा. मागचे पाय आखडलेले, उठताना कण्हायचा. एका संध्याकाळी थोरलीनं त्याला मेंढवाड्यात चिखलात थरथरताना पाहिलं. ती घरी आली. जेवली. भांडी घासली. मग कंदील घेऊन परत गेली आणि त्याच्या गळ्याला हात घालून हळूच त्याला स्वयंपाकघरात घेऊन आली. शेगडीपाशी पोतं टाकलं. तो असा पडला की त्याच्या हाडांचा आवाज आला. पहाटे धाकटी उठायच्या आत तिनं त्याला परत नेऊन सोडला. एक रात्रच, ती स्वतःला म्हणाली. दुसऱ्या रात्रीही एकच रात्र म्हणाली. अशा पाच झाल्या.

सहाव्या रात्रीच्या शेवटी, उजाडायच्या थोडं आधी मास्तर उठला आणि दाराला पंजानं ओरबाडायला लागला. आत घशात एक आवाज काढत होता. थोरली अर्धवट झोपेत होती. तिला वाटलं, बाहेर जायचं असेल. ती म्हणाली, गप झोप, पाऊस आहे. तो ओरबाडतच राहिला. ती पुन्हा म्हणाली, गप. आणि तो गप बसला, कारण पाच रात्रींत तो तिचं ऐकायला शिकला होता.

सकाळी मेंढवाड्यात दोन कोकरं मरून पडलेली होती. तिसऱ्याचं नुसतं रक्त आणि भिंतीपर्यंत ओढत नेल्याची खूण. मेंढ्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या होत्या. गोंधळात फाटकाची कडी निघाली होती आणि कळपाची म्होरकी कानतुटकी आपल्या कोकरासकट बेपत्ता होती. लांडगीण आली होती ती उत्तरेच्या कोपऱ्यावरून, जिथले दगड खुराड्याला गेले होते आणि परत चढवू म्हणता म्हणता राहून गेले होते तिथून.  मास्तर थोरलीच्या मागून लंगडत आला, मेलेल्या कोकरांना एकेक करून हुंगला आणि त्यांच्याशेजारी बसला. तिला त्याच्याकडं बघवेना.

दुपारी वनखात्याची तपासनीस बाई आली. तरुण होती, चिखलाचे बूट, पाठीवर पिशवी. तिनं कोकरांच्या मानेवरची कातडी बाजूला करून दातांच्या खुणा मोजल्या, भिंतीची उंची टेप लावून मोजली. मग कागद काढला आणि नेहमीचे प्रश्न. मेंढ्या अंधार पडायच्या आत वाड्यात घेतल्या होत्या का? हो. कुत्रा रात्रभर कळपात होता का?

थोरलीनं तोंड उघडलं, पण तिच्याआधी धाकटी बोलली.

"होता. मी स्वतः पाहिलाय."

थोरली तिच्याकडं बघतच राहिली. धाकटीनं नजर दिली नाही, शालीच्या टोकाशी चाळा करत राहिली. त्या शालीवर, सकाळी घाईत पांघरलेल्या थोरलीच्याच शालीवर, मास्तरचे पांढरे केस चिकटलेले होते. म्हणजे हिला ठाऊक होतं. पाच दिवस ठाऊक होतं आणि मूग गिळून बसली होती. मागच्या वर्षीचा वचपा काढायची एवढी संधी, ती सोडून ही बया तिला पाठीशी घालत होती.

तपासनीस बाई लगेच काही लिहिना. तिनं पिशवीतून पाटीसारखा पातळ पडदा काढला आणि दोघींसमोर धरला. सात नंबरच्या गळ्यात वनखात्याचा पट्टा होता, तो दर तासाला ती कुठं आहे ते कळवायचा, आणि नकाशावर एक ठिपका उमटायचा. तीन वर्षांचे ठिपके. डोंगरभर विखुरलेले, पण एका ठिकाणी दाट, गोल. टेबलावर ओल्या कपाचं वर्तुळ उठावं तसे. त्या वर्तुळाच्या मधोमध त्यांचा मेंढवाडा होता.

"ही तीन वर्षं रोज येते, काकू," तपासनीस म्हणाली. "भिंतीला वळसा घालते. तुमचा कुत्रा भुंकला की निघून जाते. इतक्या दिवसांत एकदाही तिनं भिंतीला पंजा लावलेला नाही. मग काल रात्री काय झालं, तेवढं मला कळत नाही."

तिनं त्यांना भिंतीबाहेर नेऊन दाखवलं. गवतात पायवाट होती. हातभर अंतर सोडून भिंतीला समांतर, मऊ, नीट तुडवलेली, पूर्ण वळसा घालणारी. थोरली रोज फाटकातून आत-बाहेर करायची. दहा पावलांवरची ही वाट तिनं कधी पाहिली नव्हती. पाहिली असती तरी मेंढ्यांचीच समजली असती.

तिनं पडदा पुन्हा मागितला. शेवटच्या सहा रात्री बघितल्या. तिला नकाशातलं फार काही कळत नव्हतं, पण हे कळलं. पहिल्या रात्री दोन ठिपके भिंतीशी. दुसऱ्या रात्री तीन. मग चार. मग रात्रभर. लांडगीण येत होती, थांबत होती, कुत्र्याच्या आवाजाची वाट बघत होती. भुंकणं ऐकू आलं नाही म्हणून लगेच आत घुसली नव्हती. पाच रात्री तिनं वाट पाहिली होती, उपाशीपोटी, पावसात. 

तपासनीसनं कागद मिटला. कानतुटकी सापडून मोजणी पूर्ण झाल्याशिवाय मालकाची सही घेता येत नाही, म्हणाली. पाच वाजता संस्थेच्या खोलीत या. आणि जाता जाता थोरलीकडं बघून हळू आवाजात म्हणाली, की तुम्ही सांगाल तेच मी लिहिणार, माझ्याकडं दुसरा साक्षीदार नाही. सही झाली की उद्या बंदुकवाले येतील.

थोरली काठी घेऊन वर निघाली. मास्तरला ये म्हटलं नव्हतं, तरी तो निघाला. वाटेत तिचा तोंडाचा पट्टा चालू होता, ऐकायला कुत्र्याशिवाय कुणी नव्हतं. धाकटीनं कशाला नाक खुपसलं? आता खरं बोलावं तर ती तोंडघशी पडते, अख्ख्या संस्थेसमोर खोटारडी ठरते. न बोलावं तर. तर काय? लांडगा मेला तर मेला. कोकरं कुणाची गेली? माझी. तिला काय मी आवतण दिलं होतं? असं ती म्हणत होती आणि प्रत्येक वेळी तिला ते दार ओरबाडणं ऐकू येत होतं.

पाऊस थांबला होता. वरच्या कुरणाच्याही वर, जिथं गवत संपून मोठाले दगड सुरू होतात, तिथं एका झुडपाखाली कानतुटकी उभी होती. कोकरू पोटाखाली, जिवंत. थोरलीचा जीव भांड्यात पडला. पण मेंढी तिला बघून ओरडली नाही, रवंथही करत नव्हती. मान ताठ, एकाच दिशेला बघत होती. थोरलीनं तिकडं बघितलं. तीसेक पावलांवर एक दगड होता, आणि तो दगड उठून उभा राहिला.

अकरा वर्षं तिनं त्यांचं ओरडणं ऐकलं होतं, पायाचे ठसे पाहिले होते. लांडगा पाहिला नव्हता. तिच्या मनात कुत्र्यासारखं काहीतरी होतं. हे कुत्र्यासारखं नव्हतं. लांब पाय, अरुंद छाती, वाळल्या गवताच्या आणि ओल्या मातीच्या रंगाचे केस, आणि डोळे फिकट पिवळे. त्या डोळ्यांत राग नव्हता, भीती नव्हती, ओळखही नव्हती. ती नुसती बघत होती, आणि असं पूर्ण बघणं थोरलीनं जन्मात अनुभवलं नव्हतं. माणसं बघतात तेव्हा अर्धं लक्ष दुसरीकडं असतं. हिचं सगळं अंग बघत होतं. थोरलीला वाटलं, आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय आणि घरधनीण दारात येऊन उभी आहे. हा डोंगर माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून आमचा, असं ती आयुष्यभर म्हणत आली होती. आत्ता ते वाक्य तिच्या तोंडातून निघालं नसतं.

पळावं असं मनात आलंही नाही.  एवढं मोठं, एवढं जिवंत काहीतरी आपल्या भिंतीशी रोज येत होतं आणि आपण आत पळ्या मोजत होतो.

मास्तर तिला ओलांडून पुढं गेला. आखडलेले पाय ओढत तो मेंढीच्या आणि लांडगिणीच्या मधे जाऊन उभा राहिला. मानेचे केस उभे. आणि तो भुंकला. एकदाच. जाड, खोल, छातीतून आलेलं.

लांडगिणीचे कान हलले. तिनं पहिल्यांदा थोरलीवरून नजर काढली आणि कुत्र्याकडं बघितलं. तिनं तो आवाज ओळखला, याची थोरलीला खात्री पटली. तीन वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेला आवाज होता तो, आणि त्याचा धनी आज पहिल्यांदा समोर दिसत होता. दोघं जनावरं एकमेकांकडं बघत राहिली. मग ती वळली, सावकाश, घाई न करता. वळताना थोरलीला तिचं पोट दिसलं. ओढलेली, लोंबणारी आचळं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. तीस वर्षं मेंढ्या बाळंत करणाऱ्या बाईला कुणी सांगायला लागत नाही. दगडांमधून चार काळपट पिल्लं धडपडत आली आणि तिच्या तोंडाला बिलगली. तिनं मान खाली घातली, अंग आकसलं आणि त्यांच्यापुढं मांस ओकलं.

ते कुणाचं मांस, हे थोरलीला ठाऊक होतं. परवाच्या दुपारी त्या कोकराला तिनं आपल्या हातानं पुसलं होतं, नाकपुड्यांतला चिकटा काढला होता.  तिला रडू आलं. आणि तरीही तिला तिथून नजर हलवता येईना, कारण नवरा नसलेली, हाडं निघालेली ती बाई चारी पिल्लांचं पुरतं झाल्याशिवाय स्वतः एक घास घेत नव्हती. थोरली कितीतरी वेळ उभी राहिली. शेवटी कानतुटकीच हलली आणि उताराला लागली. मास्तर तिथंच थांबला, मेंढी आणि कोकरू पुढं गेल्यावर मग मागून निघाला, रीतीप्रमाणे.

संस्थेची खोली म्हणजे एक लांब टेबल, सहा खुर्च्या, कोपऱ्यात मेंढ्यांना चाटायला द्यायच्या मिठाच्या विटांची पोती आणि लोकर तोलायचा काटा. अध्यक्ष आधीच येऊन बसला होता. माणूस वाईट नव्हता. कालवड गेली तेव्हा लहान मुलासारखा रडला होता, फक्त तो लोकांना ते आठवू द्यायचा नाही. धाकटी खिडकीशी उभी होती. तपासनीसनं कागद पुढं सरकवला, पेन वर ठेवलं. अध्यक्ष म्हणाला, वहिनी, एक सही, आणि आपण सगळे सुटलो.

थोरलीनं पेन उचललं नाही.

"कुत्रा कळपात नव्हता," ती म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरात होता. शेगडीपाशी. सहा रात्री."

 मग अध्यक्षानं तिला समजावलं, बराच वेळ समजावलं. वहिनी, तुम्ही दमलाय, नीट आठवा. वरचं कुरण जाईल. तुमच्या जाऊबाईंनी सांगितलंय की त्यांनी पाहिला. थोरली म्हणाली, तिनं मला पाठीशी घातलं. चूक तिची नाही, माझी आहे, आणि ती मला घाबरून असते हे इथं सगळ्यांना माहीत आहे. मागच्या वर्षी एवढ्याशा पावासाठी मी तिची अब्रू काढली होती, तेही सगळ्यांनी ऐकलंय. मग ती पुढं म्हणाली, पहाटे कुत्रा दार ओरबाडत होता. तो मला सांगत होता. मी त्याला गप बसवला. भिंतीबाहेरच्या जनावरानं आपला शब्द पाळला, माझ्या कुत्र्यानंही पाळला. कागदावर ज्याचं नाव लिहायचं त्याचं लिहा.

तपासनीस बाईनं कागद ओढून घेतला, एक ओळ खोडली, एक लिहिली.  कुरण एक हंगाम बंद, हेही तिनंच लिहिलं, आणि तेव्हा वर बघितलं नाही. थोरलीनं सही केली. अध्यक्ष उठून बाहेर गेला.

 अंगणात आल्यावर थोरली थेट खुराड्याकडं गेली आणि त्याचा वरचा दगड उपसायला लागली. धाकटी म्हणाली, अहो ताई, कोंबड्या कुठं जातील? थोरली म्हणाली, कोंबड्यांचं उद्या बघू, धर त्या बाजूनं. दिवस मावळायच्या आत दोघींनी मिळून पाच दगड उत्तरेच्या कोपऱ्यावर पुन्हा चढवले. पणजोबांसारखे नीट बसले नाहीत, पण बसले.

मग थोरलीनं आपली गादी गुंडाळली, गोधडी काखेत मारली आणि मेंढवाड्यात गेली. एका कोपऱ्यात कोरडं गवत पसरलं, गादी टाकली आणि मास्तरला हाक मारली. तो येऊन तिच्या पायाशी टेकला, दुसऱ्या बाजूनं कानतुटकी टेकली. धाकटी फाटकात उभी राहून बघत होती.

"कुत्र्यानं घरात झोपायचं नाही, हा नियम," थोरली म्हणाली. "माणसानं मेंढ्यांत झोपायचं नाही, असं कुठं लिहिलंय?"

धाकटी गेली आणि थोड्या वेळानं चहाची किटली, दोन कप आणि स्वतःचीही गोधडी घेऊन आली. मला तरी सांगायचं होतंत, एवढंच म्हणाली, आणि बसली. थोरलीनं तिच्याकडं सरकून जागा केली. चुकलं माझं, असं ती म्हणाली, आणि धाकटीनं ऐकू न आल्यासारखं केलं, कारण असं वाक्य थोरलीच्या तोंडून आलंय यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

आभाळ अजून पुरतं विझलं नव्हतं. मेंढ्या एकदम स्तब्ध झाल्या. मास्तर उठला, कण्हत, एकेक पाय सरळ करत, आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. भिंतीपलीकडं ओल्या गवतात पावलं वाजत होती. हलकी, सावकाश, वळशाच्या वाटेवरून येणारी. ती उत्तरेच्या कोपऱ्यापाशी थांबली. थोरलीनं धाकटीचा हात घट्ट धरला. 

मास्तर भुंकला.

पलीकडं क्षणभर काहीच नाही. मग पावलं पुन्हा सुरू झाली, उरलेला वळसा घालून भिंतीच्या कडेकडेनं गेली आणि डोंगराच्या दिशेनं विरत गेली. थोरली ती ऐकू येईनाशी होईपर्यंत ऐकत राहिली. मग तिनं कुत्र्याच्या गळ्यावरून हात फिरवला, आणि धाकटीला कपात चहा ओत म्हणाली.